काळ्यांनी काय खेळायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर रविवारी भुसावळात आमच्या हॉलमध्ये पोरं बुद्धिबळाचे डाव मांडतात आणि पालक मागच्या बाकांवर बसतात. तास सुटला की कुणीतरी चपला घालता घालता हमखास विचारतं, "सर, पोरगा पांढऱ्यांनी बरा खेळतो, काळी आली की हरतो. काळ्यांसाठी एखादं भक्कम ओपनिंग सांगा ना." ओपनिंग म्हणजे डावाच्या पहिल्या काही चालींची ठरलेली मांडणी. मध्यंतरी सावद्याच्या एका केळीवाल्या भाऊंनी हेच विचारलं. ऊन मी म्हणत होतं, कूलरमधलं पाणी संपलेलं, मी त्यांना "पुढच्या रविवारी बोलू" म्हणून वाटेला लावलं. ते काही बरोबर केलं नाही. म्हणून आता सविस्तर.

काळी मोहरी म्हणजे मागून चाल, हे खरंच. मोठ्या स्पर्धांचा हिशेब काढला तर शंभरातले साधारण ५४-५५ गुण पांढऱ्यांच्या पदरात पडतात. म्हणजे तोटा आहे, पण एवढाच आहे. तुमचा मुलगा काळ्यांनी दहातले आठ डाव हरत असेल, तर त्याचं खापर मोहऱ्यांच्या रंगावर फोडू नका.

मी रेल्वेत गार्ड होतो. परगावच्या रनिंग रूममध्ये परतीची गाडी मिळेपर्यंत आमचे डाव चालायचे. त्यात अमळनेरकडचे एक ज्येष्ठ गार्ड होते. ते देशी पद्धतीवर वाढलेले, जिथं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. ओपनिंगची नावं त्यांना ठाऊक नव्हती आणि त्यांचं काही अडतही नव्हतं. मी काळ्यांनी खेळताना डोकं धरून बसलो की ते एकच विचारायचे, "तुन्हा उंट कोठे शे?" म्हणजे तुझा उंट कुठे आहे?

तेव्हा वाटायचं, म्हातारा डिवचतोय. आता ओपनिंग निवडताना मी हाच प्रश्न पोरांना विचारतो.

पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८ अशी नावं असतात; नुसतं घराचं नाव आलं, की तिथं प्यादं गेलं असं समजा. उंट म्हणजे सी८ वरचा, पांढऱ्या घरांतून फिरणारा. काळ्याला मधे डी५ वर प्यादं हवं असतं आणि त्या प्याद्याला आधार लागतो. आधार ई६ नं दिला की भिंत पक्की होते, पण हा उंट भिंतीच्या आत कोंडला जातो. फ्रेंच बचावात हेच होतं. १८३४ साली लंडन आणि पॅरिस यांच्यात पत्रांतून सामना झाला, त्यात पॅरिसवाल्यांनी हा बचाव वापरला, म्हणून त्याचं नाव फ्रेंच. पांढऱ्यानं वजिराचं प्यादं पुढे केल्यावर सी४ ला ई६ हे उत्तर देणारा जुना बचावही त्याच जातीचा. तो वाईट आहे असं कोण म्हणेल? १९२७ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात कापाब्लांका आणि अलेखाइन ३४ डाव खेळले, त्यातले ३२ त्याच ओपनिंगचे होते. पण कोंडलेला उंट कधी आणि कुठून मोकळा करायचा, हे त्या दोघांना कळत होतं. आपल्या पोरांचा उंट पंधराव्या चालीलाही सी८ वरच असतो. मग हत्ती एकमेकांना भेटत नाहीत आणि पोरगं एका मोहऱ्यानं कमी असल्यासारखं खेळतं.

म्हणून माझं उत्तर सी६. पांढऱ्यानं ई४ केलं तर सी६, मग डी५. याला कारो-कान म्हणतात. होरेशियो कारो आणि मार्कस कान या दोघांनी १८८६ च्या सुमारास त्यावर अभ्यास मांडला, त्यांच्यावरून हे नाव. डी५ ला आधार सी६ नं मिळतो, ई६ चं दार उघडं राहतं आणि उंट आधी बाहेर पडतो. पांढऱ्यानं डी४ आणि सी४ केलं, तरी डी५ आणि सी६, ते झालं स्लाव. प्याद्यांचा सांगाडा दोन्हीकडे जवळपास एकच. शाळा, ट्यूशन आणि क्रिकेट सांभाळून बुद्धिबळ खेळणाऱ्या पोराला याचा मोठा फायदा होतो.

आता ही दुसरी बाजू, कारण ती मी स्वतः भोगली आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी जळगावला एका खुल्या स्पर्धेत समोर सातवी-आठवीतली मुलगी. ई४, सी६, डी४, डी५. तिनं प्यादं ई५ ला पुढे ढकललं, मी ऐटीत उंट एफ५ वर काढला. तिनं कडेचं प्यादं एच४ केलं. मी मनात म्हटलं, लेकरू आहे, आणि ई६ खेळून चहा मागवला. जी४. उंट ई४ वर गेला. एफ३. उंट जी६ वर आला. एच५. चहा येईपर्यंत उंट गेलेला होता. बदल्यात फार तर एक प्यादं मारता आलं असतं. ई६ खेळून मागं जायचं दार मीच लावून घेतलं होतं. एच४ ला एच५ नं उत्तर दिलं असतं तर प्याद्यांची ती धाव तिथंच थांबली असती. एच६ नंही घात झाला नसता, कारण जी४ आल्यावर उंटाला डी७ किंवा एच७ वर परतायला जागा उरते. त्या संध्याकाळी स्टेशनजवळ शेवभाजी खाल्ली, तिची चवही लागली नाही.

म्हणून "भक्कम" या शब्दाची मला थोडी भीती वाटते. तो ऐकला की माणूस समोरच्याच्या चालीकडे बघायचं सोडतो. पेट्रॉफइतका सभ्य, बरोबरीचा बचाव दुसरा नाही म्हणतात. १९८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बीलला कोलंबियाच्या झापाटाविरुद्ध विश्वनाथन आनंद तोच खेळला. पाचव्या चालीला त्यानं उंट एफ५ वर आणला, पांढऱ्याचा वजीर ई२ वर आला, काळ्याचा घोडा ई पट्टीवर आपल्याच राजापुढे अडकला आणि आनंदनं तिथंच डाव सोडला. सहा चालींत! आदल्याच वर्षी दोन ग्रँडमास्टरांच्या डावात उंटाची तीच चाल येऊन गेली होती आणि तो डाव बरोबरीत सुटला होता. आनंदचं असं होऊ शकतं, तर व्हिडिओ बघून सात ओपनिंग शिकलेल्या पोराचं काय होईल ते तुम्हीच बघा.

स्लावमध्येही उंटाची घाई नडते. सी६ झाल्या झाल्या तो एफ५ ला काढला की पांढरा डी५ वर प्याद्यांची मारामारी करून वजीर बी३ वर आणतो, आणि बी७ चं प्यादं उघडं पडतं, कारण त्याचा राखणदार नुकताच घराबाहेर गेलेला असतो. म्हणून आधी घोडा काढायचा, सी४ चं प्यादं मारायचं, पांढरा ते परत मिळवायच्या तयारीला लागून ए४ करतो, आणि मग उंट एफ५ वर. हा क्रम पोरांना पाठ होतो, पण का, ते विचारलं की गप्प. मी तिथंच अडवतो.

वर्षभरही न खेळलेल्या पोराला मात्र यातलं काही देऊ नका. त्याला ई४ ला ई५ खेळू दे, किल्लेकोट करू दे, दहा वेळा राजाशेजारच्या एफ७ वर मार खाऊ दे. सिसिलियन, म्हणजे ई४ ला सी५, मला आवडतं, पण आमच्या हॉलमध्ये नाही. अर्धी पोरं ते खेळतात आणि आठव्या चालीनंतर एकालाही पुढचा रस्ता माहीत नसतो.

सावद्याच्या भाऊंच्या मुलाला मी एक वही करायला सांगितली आहे. कारो-कानमध्ये तिसऱ्या चालीला पांढरा काय काय करतो, त्या प्रत्येकाला एक पान: प्यादं पुढे ढकललं, घोडा सी३ वर आणला, प्याद्यानं प्यादं मारलं. पानावर फार चाली नकोत, सात-आठ पुरेत, आणि खाली एका ओळीत उंट कुठं जाणार ते. पहिल्या आठवड्यात त्यानं तिसऱ्या पानावर "उंट जी४" एवढंच लिहून आणलं. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आला की ते जी४ कामाचं, हे मी लाल पेनानं बाजूला लिहिलं.

भाऊंचा परवाच फोन आला होता. मुलगा विचारतोय, समोरच्यानं लंडन खेळलं, म्हणजे डी४ करून उंट एफ४ वर काढला, सी४ केलंच नाही, तर? तर बरंच आहे, तिथंही डी५ करून उंटाला एफ५ ची वाट आहे. फक्त मधेच सी४ येऊन वजीर बी३ ला पोचला, की बी७ चं तेच जुनं दुखणं. त्यासाठी वहीत चौथं पान लागेल.