मावशी, वाय कधी येणार?

मागच्या सीटवरून भाचीने हे विचारलं आणि मला क्षणभर कळेचना ती कशाबद्दल बोलतेय. सात वर्षांची आहे, मराठी घरात वाढलेली, तोंडाला विसावा नाही. तेवढ्यात फोनमधला रस्ता सांगणारा आवाज पुन्हा म्हणाला, "कंटिन्यू टुवर्ड्स वाय", आणि उलगडा झाला. वाई! पोरीच्या कानावर हे नाव पहिल्यांदा पडलं ते त्या आवाजाकडून, आणि जसं पडलं तसं तिने उचललं.

"अगं, वाई. आई, ताई, बाई, तशी वाई."

तिने दोनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "मग ही वाय का म्हणते?"

तेव्हा मी "तिला इंग्रजी अक्षरं दिसतात म्हणून" एवढंच सांगितलं. पण मला ते लागलं. चुकीचा उच्चार मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते आणि कानाआड करत होते, कारण मला खरं नाव माहीत होतं. जिला माहीत नाही तिच्यासाठी तोच खरा उच्चार ठरतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

त्याआधी एकदा मला या गोष्टीचा चांगलाच फटका बसला होता. मला कोल्हापूरच्या पुढे, गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या कळ्याला जायचं होतं. पन्हाळा तालुक्यातलं कळे. निघताना घाईत रोमन अक्षरांत नाव टाकलं, यादीत आलेल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि गाडी काढली. आवाज सुरुवातीपासून "केल, केल" म्हणत होता. मी म्हटलं, म्हणू दे, रस्ता तर बरोबर दाखवेल. कराड आलं तेव्हा त्याने हायवे सोडायला सांगितलं. कोल्हापूर अजून ७० किलोमीटरच्या आसपास राहिलं होतं. गाडी बाजूला घेऊन पडदा मोठा करून पाहिला, तर तो मला काल्याला नेत होता. कराड तालुक्यातलं काले. रोमनमध्ये दोन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी. एकात ळ, दुसऱ्यात ल, एकात पहिला स्वर आखूड, दुसऱ्यात लांब. मराठी कानाला या दोन नावांत तिळमात्र घोटाळा होणार नाही. त्या आवाजाने निघतानाच "काले" म्हटलं असतं, तर मी पहिल्या चौकातच थांबले असते.

म्हणून "चालतं हो, समजून घ्यायचं" असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. नाव नीट उच्चारणं हा रस्ता नीट सांगण्याचाच भाग आहे. गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असते, पडद्यावर नसते. त्याच्यापाशी कानच उरतात.

आता भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. यंत्राला नाव ऐकू येत नाही, त्याच्या हाती फक्त लिहिलेली अक्षरं पडतात. नाव त्याच्या कोशात उच्चारासकट नोंदवलेलं असेल तर ते तसं म्हणतं. नसेल तर अक्षरांवरून उच्चार बांधतं, आणि आवाज इंग्रजी असला की नियमही इंग्रजीचे लागतात. शेवटचा 'ई' मुका ठेवायचा आणि आधीच्या व्यंजनापलीकडचा स्वर ताणायचा, हा इंग्रजीतला नेहमीचा नियम. या एका नियमाने ठाण्याचं 'थेन' होतं, दिवे घाटाचा 'डाइव्ह घाट' होतो आणि काले असो की कळे, दोन्हींचं 'केल' होतं. यंत्र आळशी नाही की उद्धटही नाही. त्याला जे शिकवलं ते ते इमानाने करतं.

मूळ दुखणं त्याच्याही आधीचं आहे. १९व्या शतकात विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने रोमन लेखनाची पद्धत आपल्याकडे रुळली आणि सरकारी लेखनात तीच पुढे चालत आली. त्या पद्धतीत त आणि ट दोघांना एकच अक्षर, द आणि ड दोघांना एकच. लांब स्वरावर आडवी रेघ द्यायची सोय होती, पण पाट्यांवर आणि नकाशांवर ती रेघ कोण देणार? ती गळाली. ळ आणि ण यांचं तर विचारूच नका. साताऱ्याचा त, दादरचे द, लोणावळ्याचे ण आणि ळ, सगळे त्या गाळणीतून गेले आणि पलीकडे नुसता चोथा उरला. आपण तो चोथा पाहून मनात मूळ नाव उभं करू शकतो, कारण नाव आधीपासून ओळखीचं असतं. यंत्राची कसली ओळख? ते पेणला 'पेन' म्हणणारच.

एक गोष्ट मात्र मला खरोखर खुपते. 'डॉ.' या संक्षेपाची इंग्रजी अक्षरं दोन अर्थांनी वाचता येतात, डॉक्टर आणि रस्त्याच्या नावात येणारा 'ड्राइव्ह'. डॉ. आंबेडकर रस्त्याने जाताना मी एका आवाजाच्या तोंडून 'ड्राइव्ह आंबेडकर रोड' ऐकलं आहे. ज्या माणसाने त्या दोन अक्षरांसाठी न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये एवढा अभ्यास केला, त्याची पदवी अशी पुसली जाऊ नये. संक्षेप उलगडताना पुढे माणसाचं नाव आहे की नाही हे पाहणं यंत्राला शिकवता येतं, तेवढं शिकवायलाच हवं.

इंग्रजी नावांचेही हाल होतातच. अमेरिकेतल्या टेक्सासमधलं शहर ह्यूस्टन, पण न्यूयॉर्कमधला त्याच स्पेलिंगचा रस्ता मात्र हाउस्टन, कारण दोन नावं दोन वेगळ्या माणसांवरून पडली. केंटकीमधल्या व्हर्सायला तिथले लोक व्हर्सेल्स म्हणतात. म्हणजे नाव कसं म्हणायचं हे अखेर तिथे राहणारे ठरवतात, स्पेलिंग नाही.

हे कळल्यावर मी फोनवरचा आवाज मराठी केला. फरक लगेच जाणवला. जी नावं नकाशात देवनागरीत भरलेली आहेत ती तो सुरेख म्हणतो, ळ सुद्धा अगदी जिभेचं टोक मागे वळवून. पण नकाशात फक्त रोमन नाव असेल, तर मराठी आवाजही अडखळतो. आणि खरं सांगायचं तर देवनागरीतही सगळं मावत नाही. जळगावचा ज दातांपाशी, जेजुरीचा ज टाळूपाशी. अक्षर एकच. हा भेद आपण आईच्या तोंडून शिकतो, लिपी तो सांगत नाही.

त्यावरही तोड आहे. आवाजाच्या यंत्राला अक्षरांऐवजी थेट ध्वनी लिहून देण्याची जागतिक प्रमाणपद्धत २००४ पासून आहे, आणि नावांचे उच्चारकोश बनवण्याची २००८ पासून. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी तर १८८८ ची. ळ, ण, दातांपाशचा ज, हे सगळं तिच्यात वेगवेगळं लिहून दाखवता येतं. म्हणजे यंत्राला सांगायची वाट तयार आहे. सांगणारं कुणीतरी हवं.

मग मीच बसले. ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा २००४ मध्ये सुरू झाला, त्यात कुणालाही भर घालता येते. तिथे प्रत्येक गावाला मराठी नावाचा वेगळा रकाना आहे, उच्चाराचाही आहे. रात्री जेवणं उरकली की अर्धा तास मी एकेक गाव घेते. मोठी गावं बहुतेक भरलेली आहेत, वाड्या-वस्त्या आणि फाटे उरलेत. काम दिसायला सोपं आहे, पण रोमन नाव समोर ठेवून मी कितीदा तरी थबकते. वडगाव की वाडगाव? कोळे की कोले? अंदाजाने भरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. अंदाज चुकला तर 'वाय'सारखंच आणखी एक नाव माझ्याच हातून जन्माला यायचं. खात्री नसेल तो रकाना मी रिकामा ठेवते. प्रवासात मैलाचे दगड, ग्रामपंचायतीच्या कमानी, एसटीच्या पाट्या पाहते. तिथे नाव देवनागरीत असतं. आणि कुणी भेटलंच तर सरळ विचारते, "गावाचं नाव कसं म्हणता तुम्ही?" आजवर एकही माणूस असा भेटला नाही की त्याने कंटाळून उत्तर दिलं. उलट दोनदा म्हणून दाखवतात.

भाचीला आता या कामाचं वेड लागलंय. नुकतीच जोडाक्षरं वाचायला लागली आहे, त्यामुळे पाटी दिसली की तिने मोठ्याने वाचायची आणि ते नाव माझ्या वहीत आहे का ते मी बघायचं, असा आमचा शिरस्ता पडलाय. नागोठणे तिने एका दमात वाचलं, वडखळला जरा अडली.

परवा पुन्हा त्या रस्त्याने गेलो तेव्हा तिच्या आईचा फोन जोडलेला होता, त्यात जुनाच इंग्रजी आवाज. तो म्हणाला, "पेन." मागच्या सीटवरून भाची पुढे झुकली आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "पेण. ण." दोनदा, अगदी सावकाश, त्याला नीट ऐकू जावं म्हणून.