जन्मगाव: ब्रेस्लाउ

मी जर्मनीत एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. मागच्या हिवाळ्यात नव्याने आलेल्या एका आजींचा फॉर्म भरत होते. जन्म १९३७, जन्मगाव ब्रेस्लाउ. देशाच्या रकान्यात मी ‘जर्मनी’ निवडलं, तेवढ्यात शेजारची पोलिश सहकारीण म्हणाली, "अगं, हे माझं गाव! व्रोत्सवाफ. ते पोलंडमध्ये आहे."

जर्मन लोक मिलानला माइलांड आणि वॉर्साला वार्शाउ म्हणतात, हे मी भाषेच्या वर्गात पाठ केलं होतं. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. आपणही वडोदऱ्याला बडोदंच म्हणतो. पण ब्रेस्लाउची गोष्ट नुसत्या उच्चाराची नाही. १९४५ पर्यंत ते जर्मनीतलं मोठं शहर होतं. युद्धानंतर सीमा सरकल्या, शहर पोलंडकडे गेलं आणि तिथल्या जर्मन लोकांना घरंदारं सोडावी लागली.

म्हणून सहकारीण आजींच्या खुर्चीशी जाऊन बसली तेव्हा मला धास्तीच वाटली.

"मी तुमच्याच गावची," ती म्हणाली.

"ब्रेस्लाउची?"

ती क्षणभर थांबली. "हो, ब्रेस्लाउची."

तिने ते नाव स्वतःहून उच्चारलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. आजी बोलत्या झाल्या. जानेवारी १९४५ मध्ये बायकामुलांना शहर सोडायचा हुकूम निघाला. कडाक्याची थंडी, बर्फ, धाकट्या भावाची बाबागाडी ढकलणारी आई आणि तिचा कोट धरून चालणाऱ्या सात वर्षांच्या आजी.

मग त्यांनी विचारलं, "तुझी आजी तिथलीच का?"

"नाही, ती ल्वुफची."

आजींना उमगेना. "लेम्बर्ग," मी म्हटलं. तेच ल्वुफ, आजच्या युक्रेनमधलं ल्विव्ह. युद्धानंतर ते सोव्हिएत संघात गेलं आणि तिथले कितीतरी पोलिश लोक व्रोत्सवाफला येऊन राहिले. तिथल्या ओसोलिनेउम या जुन्या ग्रंथालयाच्या संग्रहाचा काही भागही त्यांच्यामागून आला. सहकारिणीच्या आजीने मरेपर्यंत ल्वुफ हेच नाव घेतलं.

"तिला जे घर मिळालं, त्यात कुणाच्या तरी बरण्या राहिल्या होत्या," सहकारीण म्हणाली. "त्यांच्यावर जर्मनमध्ये पीठ, साखर, मीठ असं लिहिलेलं."

आजी पुढे वाकल्या. "साखरेच्या बरणीत ती साखरच ठेवायची ना?"

"साखरच. आता ती बरणी माझ्या आईकडे आहे."

फॉर्मवर आम्ही आजींच्या पासपोर्टात होतं तेवढंच लिहिलं: ब्रेस्लाउ.