काका आणि माझं दुकान

आज रविवार, लासलगावला लिलाव नाही, म्हणून निफाडहून काका आले होते. चहा घेताना मी मोबाईलवर 'हे डे' हा शेतीचा गेम खेळत होते. दोन मिनिटांत गहू उगवतो हे बघूनच ते जाम हसले.

मग गेममधलं माझं रस्त्याकडेचं दुकान दाखवलं. "भाव कोण काढतं?" पहिला प्रश्न हाच! म्हटलं, दर आपणच लावायचा, पण वरची मर्यादा गेमने ठरवलेली. दहा गव्हांची छत्तीस नाणी, त्यावर एकही नाही.
"म्हणजे हमीभाव?"
"उलटं, काका. याच्या खाली कितीही जा, वर नाही."
"मग टंचाई आली तर?"

प्रश्न बरोबर होता. कोठार वाढवायला बोल्ट, फळ्या, चिकटपट्ट्या लागतात, आणि मर्यादेच्या दरात त्या विकायला कुणी राजी नसतं. नाणी सगळ्यांकडे पडून असतात, त्यामुळे खरा व्यवहार वस्तूला वस्तू. तू तुझ्या दुकानात बोल्ट विकायला लाव, मी माझ्यात फळी लावते. मात्र आधी कोण लावणार? मागच्या महिन्यात माझे पाच बोल्ट घेऊन एक जण पसार झाला. (हो, गेममधल्या बोल्टसाठी दोन दिवस चिडचिड केली. हसा.)

दुसरीकडे आज गेममधल्या एका शेजारणीने, जिला मी कधी पाहिलंही नाही, तिच्या दुकानात माझ्यासाठी चीज एका नाण्याला ठेवलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "उधारी असेल कसली तरी."

जाताना मात्र स्वतःच गव्हाचं एक वावर पेरून गेले.