तुम्ही विचारलंत म्हणून: वाद्यं आधीच लावून का ठेवत नाही?

मैफल संपली की जिन्यात कुणीतरी गाठतंच. "साडेसहाची वेळ देता आणि पुढची वीस मिनिटं तबल्यावर हातोडी चालते. आधी लावून ठेवायला काय होतं?"

लावलेली असतात. पाच वाजता, रिकाम्या सभागृहात. घोळ तिथेच आहे. परभणीत जानेवारीत संध्याकाळी बाहेर गारठा; आत दोनेकशे माणसं बसली, वरून दिवे लागले की मंचावरची हवा तासाभरात बदलते. उष्णतेने तानपुऱ्याची तार सैलावते, सूर उतरतो. त्याच उष्णतेने तबल्याचं कातडं सुकून ताणतं, सूर चढतो. एकमेकांत मिळवून ठेवलेली वाद्यं अशी दोन दिशांना जातात. म्हणून आम्ही तानपुरे चारलाच गवसणीतून काढतो आणि दिवे साडेपाचला लावतो. फरक कमी होतो, जात नाही.

पेटीचा सूर मंचावर हलवता येत नाही, म्हणून बाकीच्यांनी तिच्याकडे यायचं. तानपुऱ्यात आधी जोडीचे षड्ज (मधल्या दोन तारा), मग खर्ज (खालचा सा), शेवटी पहिली तार. ती रागावर ठरते: भूपाला पंचम, मालकंसाला मध्यम, मारव्याला निषाद. गायकाने ऐनवेळी राग बदलला की ती तार पुन्हा पहिल्यापासून. मग तारेत ओवलेल्या मणक्यांनी बारीक सूर, आणि जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस. घोडीवरचा, तारेखालचा सुती दोरा केसभर सरकला तरी तार नुसती टणटणते, बोलत नाही.

मिरजेचा तानपुरा आमच्या कोरड्या हवेत आकसतो. फेब्रुवारीत तार ताणायची खुंटी घसरते. तिला खडू चोळायचा आणि आत दाबतच पिळायचं. पावसाळ्यात ती फुगून अडकते, तेव्हा जोर करू नये, मोडते.

तबल्याला १६ घरं (कडेच्या वाद्यांमधल्या जागा), ८ गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे). मोठा फरक गट्ट्यांवर काढायचा, बारीक गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या विणलेल्या कडेवर: वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो. घरं समोरासमोरची घ्यायची. घाईत एकाच बाजूला ठोकलं तर एका पुडीत (तबल्याच्या कातड्यात) दोन सूर निघतात. त्यात मागच्या रांगेत फोनवर "हां, पोचलो, सुरू व्हायचंय अजून" चाललेलं असलं की पाच मिनिटं वाढलीच म्हणून समजा. वादक कानानेच लावतो हो.

एकाच संध्याकाळी गायक आणि गायिका असतील तर मध्यंतरानंतरही हेच. गायकाच्या काळी एक पट्टीला साडेपाच इंची तबला चालतो, गायिकेच्या काळी चारला सहा इंची ढाल्या, म्हणजे रुंद तोंडाचा, खालच्या सुराचा तबला लागतो. दोन्ही आणायला आम्ही वादकाला आधीच सांगतो. नाहीतर एकच तबला बराच खाली ओढायचा, आणि मग तो ढप ढप वाजतो.

"मग पडदा पाडून लावा," असंही सुचवतात. तेही करतो. पडदा वर गेला की सभागृहातली हवा मंचावर येते, आणि वादकाचा हात पुन्हा हातोडीकडे जातो.