विंडोजच्या शेजारी उबुंटू: माझा अनुभव

नेरूळच्या आमच्या घरी संगणक एकच आहे. सोसायटीचे हिशेब टॅलीवर ठेवणाऱ्या माझ्या पत्नीला विंडोज हवे आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत विंडोज ११ ला धक्का न लावता त्याच्या शेजारी उबुंटू २४.०४ हा लिनक्सचाच एक प्रकार बसवायचे ठरवले.

हिशेबाच्या सगळ्या फाइली आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि त्यातल्या चार-पाच उघडून पाहिल्या, कारण तो पैसा आमच्या एकट्याचा नव्हता. मग डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, बंद केले. तत्पूर्वी ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की मुलीने वाचून दाखवली आणि मी ती वहीत लिहून घेतली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो जागा मोकळी करण्यात. ५१२ जीबीच्या एसएसडीवर जवळपास ३०० जीबी रिकामे असूनही विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट हे साधन सी ड्राइव्हमधून जेमतेम ३८ जीबी सोडायला तयार होते. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करणे), पेजिंग (मेमरी अपुरी पडल्यास डिस्क वापरणे) आणि रिस्टोअर पॉइंट (आधीच्या स्थितीत परतण्यासाठीच्या नोंदी) यांच्या फाइली ड्राइव्हच्या मधोमध ठाण मांडून बसलेल्या असतात, विंडोज चालू असताना त्या हलवता येत नाहीत आणि ड्राइव्ह लहान करण्याचे काम त्यांच्यापाशी येऊन अडते. तिन्ही सोयी बंद करून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा हवी तेवढी जागा सुटली. तिथल्या चौकटीत आकडा एमबीमध्ये द्यावा लागतो. १०० जीबीसाठी मी १०२४०० लिहिले. बाकीच्या दोन सोयी नंतर पूर्ववत केल्या, हायबरनेशन मात्र बंदच ठेवले, कारण त्याच्या आधारावर चालणाऱ्या फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि उबुंटूमधून त्या ड्राइव्हवर काही लिहिणे धोक्याचे ठरते.

पेन ड्राइव्हवरून उबुंटू बसायला अर्धा तासही लागला नाही. पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय त्याच पडद्यावर समोर असतो, म्हणून तिथली प्रत्येक ओळ आम्ही दोघांनी मोठ्याने वाचली आणि मगच बटण दाबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता पत्नीने विंडोज उघडले आणि तिने हाक मारली, "अहो, हे घड्याळ बघा, पहाटेचे साडेतीन दाखवतंय." फरक नेमका साडेपाच तासांचा होता, त्यावरूनच कारण लक्षात आले. संगणकातल्या मूळ घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते आणि उबुंटू जागतिक वेळ, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागची. हिशेबाच्या नोंदीवर चुकीची तारीख पडू नये यासाठी हे तातडीने सुधारणे भाग होते. उबुंटूनेही मूळ घड्याळात स्थानिक वेळच ठेवावी म्हणून त्याच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, 'टाइमडेट-सीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा दिली, इंटरनेटवरून विंडोजची वेळ जुळवून घेतली आणि दोन्ही सिस्टिम आळीपाळीने दोनदा सुरू करून पाहिल्या. दोन्हीकडे वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळली, तेव्हा पत्नीने त्या महिन्याच्या पावत्यांच्या नोंदी करायला घेतल्या.