पित्त म्हणून आलेला पेशंट

मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मागच्या महिन्यात दुपारी पन्नाशीचा एक शेतकरी कॅज्युअल्टीत आला, पुतण्या म्हणाला सिस्टर पित्त झालंय, एक इंजेक्शन द्या. पण माणूस घामाने निथळत होता, पोटाच्या वरच्या बाजूला मूठ दाबून बसलेला, पंख्याखाली एवढा घाम पित्ताने येत नाही.

आमच्याकडे ईसीजी टेक्निशियनची पोस्ट रिकामी आहे. ड्युटीवर डॉक्टर मॅडम एकट्याच, त्या लेबर रूममध्ये, बाळाचं डोकं दिसायला लागलेलं, हलणार कशा. मग मीच लीड्स, म्हणजे ईसीजीच्या वायरी, लावल्या आणि टू, थ्री, एव्हीएफ या लीड्समध्ये एसटी, म्हणजे ईसीजीच्या रेषेचा एक भाग, वर चढलेला दिसला, म्हणजे हार्टच्या खालच्या भिंतीचा अटॅक. वरचं बीपी जेमतेम ९०, म्हणून छातीची एक लीड उजवीकडे लावून परत ईसीजीची पट्टी काढली तर तिथेही एसटी वर. तेवढ्यात पुतण्याने खिशातून सॉर्बिट्रेट, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, काढली, शेजाऱ्याने दिलेली, मी त्याचा हातच धरला, कारण हार्टची उजवी बाजूही अटॅकमध्ये अडकलेली असताना ती गोळी जिभेखाली गेली की बीपी कोसळतं. हे सगळं मला ट्रेनिंगमध्ये जिल्ह्याच्या फिजिशियन सरांनी शिकवलेलं.

पट्टीचा फोटो सरांना व्हॉट्सॲपवर टाकला, लगेच फोन आला, थ्रोम्बोलाइज करा, म्हणजे गुठळी विरघळवायचं औषध द्या. बाळ-बाळंतीण सुखरूप झाल्यावर मॅडम धावत आल्या, आधी कधी लकवा, रक्तस्राव, ऑपरेशन वगैरे झालंय का ते विचारलं, गुठळी वाढू न देणाऱ्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल गोळ्या दिल्या, सलाईन सुरू केलं आणि वजन ६२ किलो म्हणून गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज ३५ मिलिग्रॅम दिलं. तासाभराने दुखणं कमी झालं, एसटी निम्म्याहून खाली, मग १०८ ने कॅथलॅबला, जिथे अँजिओप्लास्टी होते तिथे, रवाना. अँजिओप्लास्टी होऊन आता घरी आहे.

जगात दरवर्षी हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने पावणेदोन कोटींहून जास्त माणसं जातात, त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त आपल्यासारख्या गरीब नाहीतर मधल्या देशांतली. प्रत्येक तालुक्याला कार्डिओलॉजिस्ट कधी मिळेल कोण जाणे, पण ईसीजी वाचणारी नर्स मात्र काही दिवसांच्या शिकवणीत तयार होते, आणि तेवढी शिकवणी सुद्धा सगळ्यांना मिळत नाही याचा मला खरंच राग येतो. त्या दिवशी माझी नाइट असती तर दुपारी जी मुलगी ड्युटीवर असती तिला हे ट्रेनिंगच मिळालेलं नाही. या माणसाची बीपीची गोळी पण दोन वर्षांपासून बंद होती, फोन करून विचारायला एनसीडी, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांच्या, क्लिनिकला सिस्टर नाही.

आता मॅडमच्या परवानगीने ड्युटी बदलताना मी नवीन मुलींना जुन्या पट्ट्या वाचायला देते, त्यातल्या दोघींना उजवी लीड लावता यायला लागलीये.