तुम्ही विचारलंत म्हणून : सर्व्हरचे ग्राफ कुठल्या टूलवर काढायचे?

"आमच्याकडे आठ लिनक्स सर्व्हर आहेत. सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क सगळं ग्राफवर दिसायला हवं. मुनिन लावू, झॅबिक्स लावू की प्रॉमिथिअस?" अंधेरीतल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांपासून फोर्टातल्या ब्रोकरच्या ऑफिसपर्यंत सगळीकडून मला हा प्रश्न येतो, बहुतेक वेळा याच शब्दांत. ही तिन्ही सर्व्हरवर लक्ष ठेवून त्याचे आकडे साठवणारी टूल्स. त्यातल्या एकाचं नाव सांगण्याआधी मी दोन गोष्टी विचारून घेतो. किती सेकंदांनी मोजणार? आणि मोजलेलं किती दिवस ठेवणार? एवढं ठरलं की टूल जवळजवळ ठरल्यातच जमा असतं.

ब्रोकरचंच उदाहरण घ्या. शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि त्याच क्षणी ऑर्डरींची झुंबड उडते. समजा सर्व्हरचा सीपीयू २० सेकंद १०० टक्क्यांवर गेला आणि एरवी तो १० टक्क्यांवर असतो. मुनिन दर पाच मिनिटांनी मोजतो. ३०० सेकंदांपैकी २० सेकंद १०० आणि २८० सेकंद १०, म्हणजे सरासरी आली १६ टक्के. ग्राफवर दिसतं की सर्व्हर निवांत आहे, आणि इकडे ग्राहक फोनवर ओरडतोय की ऑर्डर अडकली. दोघंही खरं बोलताहेत. मोजमापच जाडंभरडं आहे.

तेच १५ सेकंदांनी मोजलं, तर ते २० सेकंद दोन मोजण्यांत कसेही विभागले गेले तरी एक तरी बिंदू किमान ७० टक्क्यांवर जातोच. पण इथे एक फसगत होते आणि ती मला फार ठिकाणी दिसते. प्रॉमिथिअस बसवला, १५ सेकंदांचं अंतर ठेवलं आणि ग्राफसाठी आकडे मागवणाऱ्या क्वेरीत 'रेट', म्हणजे एका ठरावीक खिडकीतला सरासरी वेग, मात्र पाच मिनिटांचा लिहिला. झालं, पुन्हा १६ टक्के! एक मिनिटाचा रेट घेतला तर तोच क्षण ४० टक्क्यांच्या आसपास दिसतो. रेट काढायला त्या खिडकीत किमान दोन मोजण्या लागतात आणि मधली एखादी हुकतेही, म्हणून मोजण्याच्या अंतराच्या चौपट खिडकी धरायची असा प्रघात आहे. १५ सेकंदांना एक मिनिट. याहून बारीक बघायचं असेल तर मोजण्याचं अंतरच ५ सेकंदांवर आणा, नाहीतर नेटडेटा लावा. तो दर सेकंदाला मोजतो, १९९९९ पोर्टवर ब्राउझरमध्ये लगेच दिसतो, आणि आत्ता या घडीला काय चाललंय हे बघायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

म्हणून मुनिन टाकाऊ आहे का? अजिबात नाही. त्याच्या पोटात आरआरडीटूल हे आकडे साठवणारं टूल आहे, टोबियस ओटिकर यांनी १९९९ साली आणलेलं. त्याची खुबी अशी की फाइल पहिल्या दिवशी जेवढी असते तेवढीच शेवटपर्यंत राहते. नेहमीच्या सेटिंगमध्ये मुनिन पाच-पाच मिनिटांचे आकडे दोन दिवस, अर्ध्या तासाचे नऊ दिवस, दोन तासांचे ४५ दिवस आणि रोजचा एक असे ४५० दिवस ठेवतो, प्रत्येकाची सरासरी, किमान आणि कमाल. सगळे धरून एका मोजमापाला ४८ केबीच्या आसपास जागा. "या वेगाने डिस्क दिवाळीपर्यंत पुरेल का" या प्रश्नाला हे भरपूर झालं. सव्वानऊच्या तक्रारीला नाही.

एकच सर्व्हर असेल तर एवढासुद्धा पसारा मांडू नका. सिसस्टॅट पॅकेज घाला. त्यातलं 'सार' हे टूल दर दहा मिनिटांनी नोंद करतं, ते एका मिनिटावर आणा. डेबियन-उबंटूवर ही नोंद पुष्कळदा बंद असते, तेव्हा सेटिंगच्या फाइलमध्ये ती चालू आहे ना हे आधी बघा. महिन्याने फाइल उघडून ती रिकामी निघाली तर गेलेला महिना परत मिळत नाही. त्याच पॅकेजमधलं एसएडीएफ या नोंदींचे ग्राफही काढून देतं.

ऑफिसात स्विच, राउटर, यूपीएस, विंडोज मशिनं असा मिश्र संसार असेल तर झॅबिक्स बरा. एजंट (मशिनवर बसून आकडे पाठवणारा छोटा प्रोग्रॅम), एसएनएमपी (स्विच-राउटरकडून आकडे विचारून घेण्याची पद्धत) आणि अलर्ट सगळं एकाच घरात. फक्त स्विचच्या पोर्टची रहदारी मोजताना ६४ बिटांचा काउंटर निवडा. ३२ बिटांचा काउंटर एक गिगाबिटच्या लाइनवर ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पाच मिनिटांनी विचारलंत तर मधे तो किती वेळा फिरून आला ते कळायला मार्ग नाही, आणि ग्राफ मात्र छान गुळगुळीत दिसतो.

आठ सर्व्हरवाल्यांना मी प्रॉमिथिअस आणि ग्राफानाच सांगतो. ग्राफाना फक्त चित्र काढतो, साठवत काही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. प्रत्येक सर्व्हरवर नोड एक्स्पोर्टर, म्हणजे आकडे काढून प्रॉमिथिअसला देणारा छोटा प्रोग्रॅम, पोर्ट ९१००. एका सर्व्हरमागे साधारण हजार मालिका (वेगवेगळी मोजमापं) धरा, सीपीयूचे कोअर आणि डिस्कचे माउंट जास्त असतील तर आणखी. आठ हजार मालिका, १५ सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५३३ नोंदी. एका नोंदीला दोन बाइट धरले तर ९० दिवसांचे सव्वाआठ जीबी होतात. २० जीबी मोकळे ठेवा आणि निश्चिंत राहा. मात्र साठवणीची मुदत मुळात १५ दिवसांचीच असते, ती पहिल्याच दिवशी वाढवा. डिस्क त्याच मशिनमधली हवी, एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर, त्याचा डेटा ठेवू नका. आणि प्रॉमिथिअसचं मशिन वेगळं, जमलं तर वेगळ्या जागी. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज गेली तसं पुन्हा झालं, तर एकाच यूपीएसवरचे सर्व्हर आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारं मशिन एकदमच बसतील, आणि आधी काय बंद पडलं ते सांगायला कोणी उरणार नाही.

ग्राफानात १८६० क्रमांकाचा तयार डॅशबोर्ड मिळतो, त्यात ढीगभर पॅनेल असतात. त्यातली सहा-सातच रोज बघायची. मेमरीत 'फ्री' बघू नका. लिनक्स मोकळी मेमरी फाइल कॅशला वापरतो, त्यामुळे ती कमी दिसणारच. 'अवेलेबल' बघा. लोड (कामाच्या रांगेतल्या प्रोसेसची सरासरी संख्या) जास्त आणि सीपीयू रिकामा असेल तर डिस्ककडे वळा, कारण लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. एनव्हीएमई या वेगवान डिस्कचा 'युटिल' (ती किती वेळ कामात होती तो आकडा) १०० टक्के दिसला म्हणून घाबरू नका, ती एकाच वेळी अनेक कामं घेते. एका विनंतीला किती मिलिसेकंद लागले ते बघा. भाड्याच्या व्हर्च्युअल मशिनवर 'स्टील' हा आकडा जरूर लावा. तो चढला की तुमच्या वाट्याचा सीपीयू शेजारी खातोय.

ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये ईसीटू, म्हणजे भाड्याचे सर्व्हर, घेतलेले म्हणतात, आमच्याकडे त्यांचाच मॉनिटर, क्लाउडवॉच, आहेच की. आहे, पण साध्या मॉनिटरिंगमध्ये तोही पाच मिनिटांचाच, म्हणजे तेच १६ टक्के. पैसे भरून एका मिनिटावर येतो. आणि मशिनच्या आतली मेमरी किती वापरली, डिस्क किती भरली, हे एजंट घातल्याशिवाय त्याला दिसतच नाही.

शेवटच्या दोन गोष्टी बसवतानाच करून टाका. प्रॉमिथिअस वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, ठेवतो. त्याच्या स्वतःच्या पानावर सव्वानऊची उसळी शोधायची तर पावणेचारला बघा. ग्राफानात टाइमझोन कोलकाता निवडा, नाहीतर ऑफिसातले दोघं एकाच ग्राफवरून साडेपाच तासांच्या फरकाने भांडत बसतील. आणि ९१०० हे पोर्ट मुळात कुठलाही पासवर्ड मागत नाही, तेव्हा फायरवॉलमध्ये ते फक्त प्रॉमिथिअसच्या आयपीला उघडा.